मोह, संमती आणि सोबत

उत्तर नागपुरात इंदोरा आणि मेकोसाबाग यांच्या शेजाराने पसरलेल्या जरीपटका वस्तीत, १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातील घरदार सोडून आलेल्या कुटुंबांनी स्वकष्टाने उभी केलेली बाजारपेठ आहे. तिच्या एका अंगाला १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर पंचशील आचरणारी घरे आहेत, दुसऱ्या अंगाला मेकोसाबागेतील मेथॉडिस्ट मंडळीचा परिसर आहे, आणि नागपुरातील ख्रिस्ती कुटुंबे आपल्या दिवंगतांना जेथे मातीच्या स्वाधीन करतात, ती दफनभूमीही याच वस्तीत आहे. इतक्या भिन्न श्रद्धांची माणसे ज्या रस्त्यांवरून रोज ये-जा करतात, तेथे एक प्रश्न मात्र सर्वांचा समाईक आहे. जे करू नये हे मनाला स्वच्छ ठाऊक असते, त्याचीच ओढ मनाला का लागते, आणि ती लागल्यावर माणसाने करावे तरी काय?

बौद्ध उपासकाला बोधिवृक्षाखालच्या मारविजयाची कथा ठाऊक असते; वारकऱ्याच्या घरात षड्रिपूंची नावे लहानपणीच कानावर पडतात; ख्रिस्ती माणसाजवळ या प्रश्नाचा जो विचार आहे, तो मात्र त्याच्या मराठी शेजाऱ्यांना फारसा परिचित नाही. दारू पिऊ नये, जुगार खेळू नये, रविवारची उपासना चुकवू नये, अशा निषेधांची आणि नियमांची एक यादी म्हणजे ख्रिस्ती नीती, असा समज बाहेर आढळतो, आणि खेदाने म्हणावे लागते की मंडळीच्या आतही तो पुष्कळ वेळा आढळतो. वस्तुतः दोन हजार वर्षांच्या अनुभवातून या परंपरेने जो निष्कर्ष काढला, त्याचा भर निर्धाराच्या बळावर फार थोडा आहे. मोहाचा प्रतिकार वेळीच करावा, नम्रपणे करावा आणि एकट्याने करू नये, हे त्याचे सार आहे. ते समजावून घेण्यास नागपूर हे विशेष अनुकूल ठिकाण आहे, कारण ज्या तीन व्यक्तींच्या आधाराने ते सांगता येईल, ते फ्रान्सिस डी सेल्स, जॉन वेस्ली आणि नारायण वामन टिळक, या ना त्या नात्याने या शहराशी जोडलेले आहेत.

या विचाराचा उगम शुभवर्तमानातील एका प्रसंगात आहे. मत्तय आणि लूक या दोघांनीही सविस्तर सांगितलेल्या त्या वृत्तान्तानुसार बाप्तिस्मा झाल्यावर येशू अरण्यात गेला, चाळीस दिवस उपाशी राहिला, आणि भूक लागली असता सैतानाने त्याच्यापुढे तीन प्रस्ताव मांडले: दगडांच्या भाकरी कराव्यात, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून देवाच्या संरक्षणाची प्रचीती जगाला दाखवावी, आणि एका नमस्काराच्या मोबदल्यात पृथ्वीवरील सर्व राज्ये पदरात पाडून घ्यावीत. या तिन्ही प्रस्तावांत उघडउघड नीच असे काही नाही, ही गोष्ट वाचकाने अवश्य ध्यानात घ्यावी. भुकेल्याने भाकरी मागण्यात दोष कोणता? देवावर विश्वास ठेवणे हे तर पुण्यच. आणि राज्यसत्ता सज्जनाच्या हाती आली तर प्रजेचे कल्याणच व्हावे. सज्जन माणसाला मोह येतो तो प्रायः सज्जनपणाचाच वेष घेऊन येतो. येशूने प्रत्येक वेळी उत्तर दिले ते अनुवाद या जुन्या करारातील ग्रंथाच्या आधाराने, आणि तेही मोजक्या शब्दांत; सैतानाशी त्याने वादविवाद केला नाही, चमत्कार केला नाही, आपल्या थोरवीचा पुरावाही दिला नाही.

या प्रसंगातून ख्रिस्ती मंडळीने प्रथम जो सिद्धान्त घेतला तो असा की, मोह होणे हे पाप नव्हे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात स्पष्टच म्हटले आहे की, आपला तारणारा सर्व बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला, तथापि तो निष्पाप राहिला. हे मान्य केले म्हणजे एक मोठा भार मनावरून उतरतो. मनात वाईट विचार आला एवढ्यावरूनच आपण भ्रष्ट झालो असे मानून हताश होणाऱ्या, आणि हताश झाल्यामुळेच पुढे खरोखर घसरणाऱ्या माणसांची संख्या कमी नाही. चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेल्या तपस्व्यांना याचा दाट अनुभव होता. त्यांच्यातील इव्हाग्रियस या विद्वानाने मनाला छळणाऱ्या आठ विचारांची वर्गवारी केली. खादाडपणापासून गर्वापर्यंत जाणाऱ्या त्या यादीवरूनच पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी सात प्रमुख पापांची मांडणी केली. इव्हाग्रियसचे म्हणणे असे होते की, हे विचार मनात यावेत की न यावेत हे आपल्या हाती नाही. ते तेथे रेंगाळावेत की नाही, एवढेच आपल्या हाती आहे.

हाच भेद सर्वांत सुबोधपणे ज्याने मांडला, त्याचे नाव नागपूरकरांच्या तोंडी शाळेच्या, महाविद्यालयाच्या आणि कॅथेड्रलच्या निमित्ताने नित्य येते, परंतु तो कोण होता हे थोड्यांनाच माहीत असते. फ्रान्सिस डी सेल्स हा १५६७ साली जन्मलेला, जिनिव्हाचा बिशप झालेला आणि प्रॉटेस्टंट जिनिव्हात राहण्याची मुभा नसल्यामुळे आनेसी या गावातून आपला कारभार पाहणारा धर्माध्यक्ष होय. त्याच्या नावाने १८३८ साली त्याच आनेसीत स्थापन झालेल्या संघाचे मिशनरी १८४५ मध्ये भारतात आले आणि लवकरच कामठी-नागपूरकडे वळले.  फ्रान्सिसने १६०९ साली संसारी माणसांसाठी भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मठात न जाता, बाजारात, कचेरीत, स्वयंपाकघरात आणि दरबारात वावरणाऱ्यांना भक्तिमार्ग मोकळा आहे, हे त्याचे प्रतिपाद्य असल्यामुळे त्यातील मोहविषयक प्रकरणे आजही ताजी वाटतात.

फ्रान्सिस सांगतो की, मोहापासून पापापर्यंत तीन पायऱ्या असतात. पहिली सूचना, म्हणजे वाईट गोष्ट मनासमोर येऊन उभी राहणे. दुसरी रुची, म्हणजे ती मनाला गोड वाटणे. आणि तिसरी संमती, म्हणजे बुद्धीने व इच्छेने तिला रुकार देणे. पहिल्या पायरीवर दोष नाही. दुसरी अनेकदा आपल्या इच्छेविरुद्धच घडते, कारण शरीराची आवड-नावड आपला हुकूम ऐकून चालत नाही. अपराधाची नोंद होते ती तिसऱ्या पायरीवर. जन्मभर एखादा मोह छळत राहिला, तरी त्याला संमती दिली नाही तोवर देवाचा अनुग्रह ढळत नाही, असे तो निःसंदिग्धपणे सांगतो. मात्र हीच मुभा निष्काळजीपणाची सनद होऊ नये म्हणून तो पुढे जोडतो की, जेथे मोह येणार हे आधीच ठाऊक होते, तेथे आपण होऊन गेलो असलो, तर त्या जाण्याची जबाबदारी आपलीच असते.

त्याहून मोलाची आहे ती त्याची लहान मोहांविषयीची शिकवण. खून न करणे बहुतेकांना सोपे जाते. राग आवरणे कठीण जाते. चोरी न करणे सोपे असते. शेजाऱ्याच्या वैभवाने मन न जळणे अवघड असते. न्यायासनासमोर खोटी साक्ष देण्याचा प्रसंग आयुष्यात क्वचितच येतो. दिवसभराच्या बोलण्यात किंचित फिरवाफिरव करण्याचा प्रसंग घटकेघटकेला येतो. मोठ्या मोहांशी शौर्याने लढावे हे खरेच, परंतु माणसाचे चारित्र्य घडते किंवा बिघडते ते या क्षुद्र, कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या, दिवसातून शंभरदा येणाऱ्या मोहांच्या रणांगणावर. आणि त्यांच्याशी झगडण्याची रीत अशी की, त्यांच्याशी झगडत बसू नये. त्यांच्याकडे पाठ फिरवून मन देवप्रेमाच्या एखाद्या साध्या कृतीकडे वळवावे. जुन्या करारातील योसेफावर पोटीफर या त्याच्या धन्याच्या घरी असे संकट आले, तेव्हा तो धन्याच्या बायकोला नीतीचे व्याख्यान देत थांबला नाही. अंगावरचे वस्त्र तिच्या हातात सोडून तो बाहेर पळाला. ख्रिस्ती परंपरेने या पळण्याला भ्याडपणा कधीच मानले नाही.

आधुनिक मानसशास्त्राकडून या अनुभवाला एक अनपेक्षित दुजोरा मिळालेला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्धच आहेत: समोरचा खाऊ लगेच उचलला तर त्यावरच समाधान मानावयाचे, आणि धीर धरला तर अधिक चांगले बक्षीस मिळावयाचे. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसून आले की, ज्या मुलांनी खाऊचाच विचार केला ती लवकर हरली, आणि ज्यांचे मन दुसरीकडे गुंतले ती कितीतरी अधिक वेळ थांबू शकली. अशा मुलांचे पुढील आयुष्यही यशस्वी होते, हा त्या प्रयोगांवरून निघालेला गाजलेला निष्कर्ष नंतरच्या मोठ्या अभ्यासांत बराच फिका पडला; कुटुंबाची आर्थिक स्थिती लक्षात घेतली असता त्या भाकितात फारसे बळ उरत नाही. परंतु मन वळवणे हे दात-ओठ खाऊन रोखण्यापेक्षा अधिक फलदायी असते, हा मूळ मुद्दा बिशप फ्रान्सिसच्या उपदेशाशी किती जुळतो, हे वाचकाच्या लक्षात येईलच.

आता मराठी ख्रिस्ती जीवनातील एका सर्वपरिचित चरित्राकडे वळू. नारायण वामन टिळक हे कोकणात जन्मलेले चित्पावन ब्राह्मण, कवी आणि संस्कृतज्ञ. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते ग्रंथसंपादनाच्या कामी होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचे संभाषण झाले. त्याने त्यांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. वाचता वाचता टिळक येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथे त्यांचे चित्त गुंतून पडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या निर्णयाविषयी वाचकाचे मत काहीही असो. पत्नी, पुत्र, आप्त आणि समाजातील मान या सर्वांच्या ओढीविरुद्ध, आपल्या बुद्धीला जे सत्य वाटले त्याच्या बाजूने उभे राहणे किती कठीण होते, आणि त्याची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना किती मोजावी लागली, हे १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राच्या वाचकाला सांगावयास नको.

माझ्या मते या चरित्राचे खरे मोल त्या एका मोठ्या निर्णयाहून नंतरच्या वर्षांच्या संसारात अधिक आहे. टिळक अत्यंत उदार होते, तसेच अत्यंत शीघ्रकोपी होते. रागाच्या भरात घर सोडून निघून जाणे, हाती आलेला पैसा घरच्या गरजेचा विचार न करता देऊन टाकणे, या त्यांच्या स्वभावविशेषांवर लक्ष्मीबाईंनी पांघरूण घातलेले नाही. बाप्तिस्म्याने स्वभाव एका रात्रीत पालटत नाही, ही गोष्ट एवढ्या प्रेमाने आणि एवढ्या प्रामाणिकपणे सांगणारा दुसरा ग्रंथ मराठीत क्वचितच असेल. द्रव्याचा मोह टिळकांनी सहज जिंकला. १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तेव्हा वेतनाचा आधार गेल्याची खंत त्यांना वाटली नाही. परंतु जे त्यांच्यासाठी मोठे नव्हतेच, ते सोडण्यात त्यांचा कस लागला नाही. कस लागला तो घरातल्या घरात, रागाच्या त्या क्षुद्र क्षणांशी. आणि लक्ष्मीबाईंचा मोह आणखी निराळा होता. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाईंना जन्मजात श्रेष्ठत्वाची भावना सोडावयाची होती, आणि ती त्यांनी स्वतः विचार करून, बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच सोडली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. जातीचा अभिमान भारतीय मंडळीत आजही पूर्णपणे मावळलेला नाही, म्हणून लक्ष्मीबाईंचा हा विजय मला टिळकांच्या त्यागाइतकाच थोर वाटतो. प्रत्येकाचा मोह वेगळा असतो, आणि दुसऱ्याला जे सहज साधते त्यावरून आपली किंवा आपल्यावरून दुसऱ्याची परीक्षा करू नये, हा धडा या दांपत्याच्या जीवनात स्पष्ट दिसतो.

टिळकांच्या जीवनातून आणखी एक गोष्ट निघते: त्यांच्या रागाला रोज साक्षी असणारे आणि त्याविषयी निर्भीडपणे बोलू शकणारे माणूस त्यांच्या घरातच होते. मोह एकांतात वाढतो. ज्याच्याविषयी कोणाशी बोलता येत नाही, तो मोह मनाच्या तळघरात साठवलेल्या दारूगोळ्यासारखा राहतो. मेकोसाबागेतील मंडळी ज्या मेथॉडिस्ट परंपरेची आहे, तिचा संस्थापक जॉन वेस्ली याने हे फार लवकर ओळखले. १७३८ च्या डिसेंबरात त्याने लहान लहान मेळ्यांसाठी जे नियम लिहिले, त्यांत दर आठवड्याला प्रत्येकाला विचारावयाच्या प्रश्नांत असे प्रश्न होते की, मागच्या भेटीनंतर कोणकोणते मोह आले, आणि त्यांतून सुटका कशी झाली. पुढे १७४२ साली ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहावरील कर्ज फेडण्यासाठी दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करण्याची तजवीज झाली. वसुलीसाठी घरोघर जाणाऱ्यांना ज्याच्या-त्याच्या जीवनाची खरी स्थिती कळू लागली, आणि त्या वसुलीतूनच परस्परांच्या आत्म्याची विचारपूस करणाऱ्या वर्गसभा जन्मास आल्या. पैशाचा जमाखर्च पाहता पाहता माणसांनी एकमेकांच्या अंतःकरणाचा हिशेब विचारावयास आरंभ केला, हा धर्मेतिहासातील एक मनोज्ञ योगायोग होय.

कॅथॉलिक पंथात हेच कार्य पापनिवेदनाच्या संस्काराने होते. धर्मगुरूसमोर गुडघे टेकून आपला अपराध शब्दांत उच्चारणे यात क्षमेचा भाग तर आहेच, शिवाय जे उच्चारले जाते त्याची अर्धी जरब तेथेच ओसरते, असा अनुभव त्या मार्गाने जाणारे सांगतात. फ्रान्सिसनेही मोह फार झाला तर तो आपल्या मार्गदर्शकाला उघड करून सांगावा, असे निक्षून सांगितले आहे. विसाव्या शतकात या तत्त्वाला एक सार्वत्रिक रूप मिळाले: १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या चळवळीत, मद्यासक्त माणसे एकत्र बसून आपली दुर्बलता कबूल करतात, एका दिवसापुरताच निग्रह करतात, आणि ओढ अनावर झाली तर आधी सावरलेल्या सहकाऱ्याला हाक मारतात. या चळवळीच्या मुळाशी एका ख्रिस्ती गटाच्या प्रथा होत्या, तरी तिचे दार सर्व धर्मांच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसांना सारखेच उघडे आहे.

येथे उपवासकाळाचाही विचार केला पाहिजे. राखेच्या बुधवारी कपाळावर भस्म घेऊन सुरू होणारा, पुनरुत्थानाच्या सणापर्यंत चालणारा हा काळ रविवार वगळता चाळीस दिवसांचा असतो. या काळात मांस, मद्य, गोडधोड किंवा करमणुकीची एखादी आवडती गोष्ट सोडण्याची रीत आहे. जी गोष्ट सोडावयाची ती स्वतः वाईट नसते. निर्दोष गोष्टीला नकार देण्याची सवय झाली म्हणजे सदोष गोष्टीला नकार देण्याची शक्ती हाताशी असते, एवढाच तिचा हेतू. परंतु उपवासाने वाचलेला पैसा गरजूच्या हाती गेला नाही, आणि उपाशी पोटी घरच्यांवर चिडचिड वाढली, तर तो उपवास एक नवा मोह ठरतो, हे मंडळीचे शहाणे पाळक आणि धर्मगुरू दरवर्षी सांगत असतात.

हे सारे व्यक्तीच्या अंतःकरणापुरते सांगून थांबलो तर विषयाचा अर्धा भाग राहील. प्रभूने शिकवलेली प्रार्थना एकट्याने म्हटली तरी ती सर्वांसाठी असते. मोहाच्या कसोटीतून वाचवण्याची याचना तीत अवघ्या समुदायाच्या वतीने केलेली आहे. म्हणून दुसऱ्याच्या वाटेत मोह पेरणाऱ्याचा दोष, त्या मोहाला बळी पडणाऱ्याच्या दोषाहून अधिक गंभीर मानला गेला. लहानांना अडखळवणाऱ्याविषयी येशूचे शब्द सर्वाधिक कठोर आहेत. विदर्भाला ही गोष्ट परकी नाही. वर्ध्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे, आणि तिच्यासाठी गावोगावच्या स्त्रियांनी दिलेला लढा महाराष्ट्राने पाहिला आहे. आज तर मोह खिशातल्या दूरध्वनीतच वस्तीला आला आहे: क्षणात कर्ज देणारे, क्षणात पैज लावू देणारे, मध्यरात्री एकटेपणाच्या घटकेला नको ती चित्रे पुढे करणारे ते यंत्र कोणाच्या तरी नफ्यासाठी तसे रचलेले असते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा २०२५ साली संसदेने संमत केला, तो याच जाणिवेने. बाजारपेठेत दुकान चालवणाऱ्या, कचेरीत दस्तऐवजावर सही करणाऱ्या, घरात मुलाच्या हाती ते यंत्र देणाऱ्या प्रत्येकाने आपल्याला स्वतःचा मोह आवरावयाचा आहे, तसेच दुसऱ्याच्या मोहाचे कारण न होण्याचेही दायित्व आपल्यावर आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आणि इतकी सर्व सावधगिरी बाळगूनही माणूस पडतोच. येशूला धरले त्या रात्री त्याच्या दोन शिष्यांनी त्याला दगा दिला: यहूदाने तीस रुप्यांसाठी, आणि पेत्राने महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात एका दासीच्या प्रश्नाला भिऊन. दोघांनाही पश्चात्ताप झाला, दोघांचेही अंतःकरण फाटले. यहूदा आपला अपराध घेऊन एकटा निघून गेला आणि त्याने आपला जीव दिला; पेत्र रडला, पण इतर शिष्यांमध्येच राहिला, आणि ज्याला त्याने तीनदा नाकारले होते, त्यानेच पुढे तीनदा विचारणा करून मंडळीची धुरा त्याच्याकडे सोपवली. दोघांच्या पापाचे वजन कोणी कसे करावे, हे मी सांगू शकत नाही. परंतु एकाला सोबत उरली नाही आणि दुसऱ्याने ती सोडली नाही, हा भेद मात्र स्पष्ट आहे. म्हणून ज्याला आज मोहाने घेरले आहे, किंवा ज्याचा काल पराभव झाला आहे, त्याला या परंपरेचे सांगणे एवढेच आहे: विश्वासाचे एखादे माणूस गाठ, आणि जे घडले ते त्याला आजच सांग. तेवढे धैर्य झाले तर पुढच्या झुंजीतील अर्धे काम पार पडले. उरलेल्या अर्ध्यासाठी कृपा मागावी, आणि ती मागताना त्या माणसालाही आपल्या प्रार्थनेत सामील करून घ्यावे.